पेटी तयार आहे

“सरळ झोप की जरा. गुडघे वाकवू नको.”

दयानंद सोनकांबळे सुतळीचं एक टोक बायकोच्या टाचेशी धरून वाकला होता. दुसरं टोक रूथनं स्वतःच डोक्याशी बोटानं दाबून धरलं होतं, कारण घरात तिसरं माणूस नव्हतं. लेकरं झालीच नाहीत त्यांना.

“गादीला माणसाचं माप कशाला लागतंय?” रूथ म्हणाली. “बाजंचं घ्या की.”

“पिंजारी म्हणला, माणसाचं आण.”

“लई शाणा पिंजारी दिसतोय. आन् तुमी कुठं झोपणार? हवेत?”

ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत दयानंद सुतळी ताणून तसाच वाकून राहिला. मग टाचेपाशी गाठ मारली, सुतळी कापली आणि घाईघाईनं खिशात कोंबली. कुठला पिंजारी आणि कुठलं काय! गादी ही शुद्ध थाप होती. माप पेटीचं होतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांत पेटी म्हणजे दोन गोष्टी. एक भजनाला वाजवतात ती, आणि दुसरी माणसाला जिच्यात निजवून मातीआड करतात ती. मुखेडमध्ये आमची घरं मूठभर. पण या शब्दाचा गोंधळ आमच्यात कधी झाला नव्हता, कारण पहिली दर रविवारी लागायची आणि दुसरी लागेल तेव्हाच तिचं नाव निघायचं. जिवंत माणसाची पेटी आधी करून ठेवणारा दयानंद हा पहिलाच.

त्याला उद्याची भीती वाटायची. हे मी काही मागून बोलत नाही, गावाला ठाऊक होतं. बसस्टँडवर तो वाहतूक नियंत्रक. लातूरची गाडी कुठल्या फलाटाला लागेल हे माईकवरून सांगणं त्याचं काम, आणि गाडी पंक्चर झाली तर, ड्रायव्हर आलाच नाही तर, हा घोर मात्र त्याचा खासगी. नळाला पाणी आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवणार. आभाळ निरभ्र असलं तरी छत्री सोबत. चर्चमध्ये तो प्रार्थनेला उभा राहिला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, कारण त्याची प्रार्थना म्हणजे देवाला आगाऊ दिलेल्या सूचना असायच्या. अमुक होऊ देऊ नको, तमुक झालं तर असं कर.

हा घोर उगाच लागलेला नव्हता. त्याचे वडील, आबा, ऐन श्रावणात गेले. मुखेडात तेव्हा पेटी करणारं कोणी नव्हतं, म्हणून लातूरहून तयार पेटी टेंपोत घालून आणली. रस्त्यात पाणी, टेंपो अडकलेला, घरात प्रेत. आणि एवढं करून आलेली पेटी आखूड निघाली. आबांचे पाय मुडपून घालावे लागले. झाकण बसेना म्हणून दोघांनी गुडघ्यांवर दाबलं. त्यातला एक दयानंद होता. तेव्हापासून तो झोपेत दचकून उठायचा आणि स्वतःचे तळहात बघायचा.

आता रूथला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. बाहेर बाकावर रूथ बसली होती. तिनं विचारलं, “काय म्हणले?” तो म्हणाला, “आराम कर म्हणले.” ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “मंग चला, गाडी चुकंल.”

जलील सुतार बसस्टँडच्या मागे बसतो. दारं, खिडक्या, बाजा, देवघरं, आताशा आमच्या पेट्यासुद्धा, सगळं करतो. दयानंदनं खिशातून सुतळी काढून त्याच्यासमोर फळीवर ठेवली.

“किसका है?” जलीलनं विचारलं.

दयानंदनं सुतळी त्याच्याकडे सरकवली. जलीलनं सुतळी उचलली, हातात धरून लांबी बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला.

“भाभीचं? या अल्ला. न्हाई दयानंदभाई, जित्या माणसाचं माप म्या घेत न्हाई. अपशकुन हाय. भाभी तवा हसीनाच्या बाळंतपणात रातभर बसल्या व्हत्या आमच्या घरी. माझा हात कसा चालंल?”

“आबाच्या वक्ताला तू व्हतास ना?”

“व्हतो.”

“मंग बग. लांब कर, जलील. थोडी जास्तच कर. आखूड नको एवढंच.”

जलीलनं सुतळी परत दिली. माप त्याच्या डोक्यात बसलं होतं. “बनवतो,” तो म्हणाला. “पर तुमी बघायला येऊन राहू नका. झाली की फोन करतो. मंग हितंच मागं झाकून ठिवतो.”

थाप निभावायची म्हणून दयानंदनं त्याच सुतळीच्या मापानं खरोखरच गादी भरून आणली. रूथ तिच्यावर झोपली आणि म्हणाली की पिंजारी खरंच शहाणा आहे. दयानंदला त्या रात्री जेवण गेलं नाही.

फोन आला तो पाण्याच्या दिवशी, सकाळी. दयानंद अंगणात नळाखाली बादली लावून उभा होता. मोबाइल आत खिडकीत चार्जिंगला. रूथ कशीबशी भिंत धरून उठली आणि तिनं फोन घेतला. पलीकडे करवतीचं मशीन घरघरत होतं. जलीलला या बाजूचा दबका ‘हं’ दयानंदचाच वाटला असावा. त्यानं मोठ्यानं सांगून टाकलं, “पेटी तयार हाय भाई. फिकर नको करू,” आणि फोन ठेवला.

दयानंद भरलेली बादली घेऊन दारात आला, तर रूथ खिडकीला टेकून उभी. हातात फोन.

“पेटी तयार हाय म्हणून फोन आला,” ती म्हणाली.

बादली हातातच राहिली. पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडत होतं.

रूथ त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिचा चेहरा एकदम उजळला. “चर्चची पेटी दुरुस्त करायला टाकली व्हय तुमी? आन् मला सांगितलंबी न्हाई!”

चर्चची हार्मोनियम गेल्या पावसाळ्यापासून मुकी होती. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं होतं. तिच्यावर रूथ लग्न होऊन मुखेडला आल्यापासून वाजवत होती. उदगीरला बोर्डिंगात असताना शिकलेली. ती आजारी पडली, पेटीही पडली, आणि आम्ही टाळ्यांवर भजनं म्हणू लागलो. नवी वाजवणारी कोणी नव्हती, म्हणून दुरुस्तीची घाईही कोणी केली नाही.

“हाव,” दयानंद म्हणाला. “तुला एकदम दाखवणार व्हतो.”

“कुठं टाकली?”

“नांदेडला.”

“मंग जाऊन आणा की. मला एकदा वाजवायची हाय.”

झालं. चर्चची किल्ली दयानंदकडेच असायची. दुसऱ्या दिवशी त्यानं ती मुकी पेटी चादरीत गुंडाळली, जलीलच्या बायकोला, हसीनाला, रूथजवळ बसवलं, आणि रजा टाकून कंधारमार्गे जाणाऱ्या नांदेड गाडीत बसला. त्याच गाडीची घोषणा तो इतकी वर्षं करत आला होता. पेटी मांडीवर. शेजारच्यानं विचारलं, “भजनी मंडळ का?” तर त्यानं नुसती मान हलवली.

नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या आसपास पेट्या दुरुस्त करणारे पुष्कळ. एका बोळात सिद्रामप्पा नावाचा देगलूरकडचा म्हातारा भेटला. त्यानं पेटी उघडली, आतलं उंदराचं घरटं चिमट्यानं बाहेर काढलं आणि म्हणाला, “ठिवून जावा. पुढल्या आठवड्यात या.”

“आजच पायजे.”

“आज कसं व्हईल? कातडं चिटकून वाळाया नको?”

“घरी वाजवणारी हाय,” दयानंद म्हणाला. “ती पुढल्या आठवड्यात आसंल का न्हाई ठावं न्हाई.”

म्हाताऱ्यानं हातातलं दुसरं काम बाजूला सरकवलं. “बसा भाईर,” म्हणाला.

दयानंद बाहेर पायरीवर बसला आणि त्यानं हसीनाला फोन केला. मग पुन्हा केला. मग पुन्हा. शेवटी हसीना चिडली. “भाई, तुमी फोन करून करून उठवून राहिले तिला. झोपली हाय ती. मीच करते काय आसंल तर. ठिवा आता.”

त्यानं फोन खिशात घातला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भरून ठेवायला पाणी नव्हतं, विचारायला गाडी नव्हती. ती आत्ता, या क्षणी गेली तर? आपण इथं परक्या गावात, एका बोळात, उंदराचं घरटं समोर टाकून बसलेले. तो घाबरला. ते त्यानं मला नंतर स्वतःच सांगितलं. त्यानं सवयीनं प्रार्थना सुरू केली, सूचना सांगायला लागला, आणि सूचना सुचेनात. काय सांगणार? तिला बरी कर, हे तो रोज सांगत होता. तिला त्रास होऊ देऊ नको, हेही सांगून झालं होतं. तिच्यानंतर माझं काय करशील, हे मात्र त्यानं देवाला कधीच विचारलं नव्हतं, उत्तराच्या भीतीनं.

“प्रभू, उद्याचं मला काई समजत न्हाई,” तो पायरीवर बसून पुटपुटला. “तूच बग आता. आज तेवढा संगं बस.”

एवढंच. भीती गेली असं नाही म्हणता येणार, पण मांडीवरून उतरून शेजारी बसली. आतून म्हाताऱ्यानं एक एक सूर तपासायला घेतला होता. दयानंद ते ऐकत राहिला.

तो परतला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. रूथ जागी होती. हसीना घरी गेल्यावर त्यानं पेटी बाजेसमोर पाटावर ठेवली आणि चादर सोडली. रूथला पाठीशी उशा लावून बसवलं. तिनं उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि डाव्या हातानं भाता ओढायला गेली. ओढवेना. पुन्हा गेली. हात घसरला.

“मी मारतो,” दयानंद म्हणाला, आणि पेटीच्या पलीकडे तिच्यासमोर बसला. त्यानं यापूर्वी कधी भाता मारला नव्हता. आधी इतका जोरात मारला की पेटी किंचाळली.

“बैल हाकून राहिले का? हळू. श्वास घेतल्यावानी.”

हळूहळू जमलं. रूथनं संध्याकाळच्या उपासनेचं एक जुनं भजन लावलं. गायला दम नव्हता, नुसतं वाजवत होती. मधूनमधून एखादी पट्टी चुकत होती. एक कडवं झालं आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला तिनं खाली बघतच विचारलं, “जलीलभाईनं ती पेटी कुठं ठिवली?”

भाता थांबला.

“हात थांबवू नका. सूर तुटतोय.”

त्यानं भाता मारला. सूर पुन्हा लागला.

“मला आवाज वळखू येत न्हाई व्हय?” रूथ म्हणाली. “आन् जलीलभाई कवापासनं सुराच्या पेट्या दुरुस्त करायला लागले?”

“मंग त्या दिवशी तू...”

“तुमचं तोंड बगितलं. बादली हातात, पाणी पायावर सांडून राहिलं. म्हणलं, आता खरं बोलले तर हा माणूस हितंच बसंल. मंग म्हणलं, वाजवायचीच आसंल पेटी.”

“रुत, मला वाटलं आबासारखं...”

“ठावं हाय. लगीन होऊन आल्यापासनं आबाचे गुडघे ऐकून राहिले मी.” ती थांबली. श्वास गोळा केला. “लई रडले त्या दिवशी, तुमी ड्युटीवर गेल्यावर. राग आला. म्हणलं, मी आजून हाय की! आन् ह्यांनी मला पेटीत घातलंबी. मंग भ्याव वाटलं. त्या लाकडाचंच भ्याव वाटलं. मंग प्रभूसंगं बोलत बसले. आन् बोलता बोलता वाटलं, तिकडं त्यानं माझी जागा तयार केली, हिकडं ह्यांनी पेटी तयार केली. दोगंबी माझ्याच तयारीला लागलेत. मंग मी कशाला भिऊ?”

दयानंद मान खाली घालून भाता मारत होता. त्याचं नाक वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

“आन् मी?” तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या सगळ्या घोरांच्या तळाशी हेच एक होतं, ते आता वर आलं. “तू गेल्यावर माझं काय, रुत? मला कोण हाय?”

देवावर भरवसा ठेवा वगैरे रूथ म्हणाली नाही. तिनं हात पुढे करून त्याच्या उजव्या हाताचं बोट धरलं आणि एका काळ्या पट्टीवर नेऊन ठेवलं.

“ही काळी चार. दाबा. सोडू नका.”

त्यानं दाबली. एकच लांब सूर खोलीत भरून राहिला.

“एवढी धरून ठिवली की लोकं गातात,” ती म्हणाली. “पुढची चाल लोकांची लोकं बघतील. तुमी निस्ती ही एक धरून ठिवा. तुमच्यासाठी तर पेटी मागितली. मी आता किती वाजवणार हाय?”

पुढं काही दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या घरून तो एक सूर ऐकू यायचा. शेजारची बाई विचारायची, पेटी अडकली का म्हणून.

रूथ गेली ती सकाळी, नळाला पाणी येण्याच्या वेळेला. दयानंद तिच्याजवळ बसून होता. नळ अंगणात वाहून गेला, त्या दिवशी घरात पाणी भरलं गेलं नाही. त्यानं चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला आणि मग जलीलला. जलील नुसतं “आणतो,” म्हणाला.

पेटी हातगाडीवरून आली. सागवानी, कडा घासून गोल केलेल्या, आतून पांढरं कापड लावलेलं. ते हसीनानं शिवलं होतं. दयानंदनं रूथची गादी उचलून आत घातली. ती आत सहज बसली. एकाच सुतळीची दोन्ही मापं. मग आम्ही चौघांनी रूथला उचलून त्या गादीवर ठेवलं, आणि पायाकडे वीतभर गादी रिकामी राहिली. पेटी जलीलनं थोडी जास्तच केली होती खरी, पण गादी तर सुतळीच्याच मापाची होती.

जलील कावराबावरा झाला. सगळ्यांसमोर म्हणाला, “माप चुकलं का माझं, भाई?”

“माप बरोबर व्हतं, जलील,” दयानंद म्हणाला. “तीच कमी झाली.”

कोणीतरी म्हणालं की रिकाम्या जागेत चादर घडी करून घालू, चांगलं दिसेल. दयानंदनं नको म्हटलं. “ऱ्हाऊ द्या. तिला पाय पसरता येतील.” झाकण आपसूक बसलं. कोणाला दाबावं लागलं नाही. दयानंदनं एकदा आपल्या तळहातांकडे बघितलं आणि ते खिशात घातले.

त्यानंतरच्या रविवारी तो नेहमीसारखा आमच्या आधी चर्चमध्ये आला होता. पेटी समोर मांडलेली. तिच्या मागं रूथच्या जागेवर तो अवघडून बसला होता. खूप रडलेला दिसत होता आणि दाढी केलेली नव्हती. पाळकसाहेबांनी भजन सांगितलं आणि ते थांबले, कारण दयानंदला वाजवता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दयानंदनं डाव्या हातानं भाता ओढला, हळू, आणि उजव्या हाताचं एक बोट काळ्या पट्टीवर ठेवलं. पहिल्यांदा सूर तुटला. दुसऱ्यांदा तो टिकला. आम्ही त्या सुरावर गायला लागलो. चाल आमची आम्ही बघितली. शेवटचं कडवं संपलं तरी त्यानं बोट उचललं नाही, आणि आम्ही उभेच राहिलो.

लोक पांगल्यावर पाळकसाहेब त्याच्याजवळ गेले. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, घरी कोणी नव्हतं. “पुढं काय ठरवलंय, दयानंद?” त्यांनी विचारलं.

“उद्या सकाळची ड्युटी हाय,” तो म्हणाला. “त्याच्या पुढचं काई ठरवलं न्हाई.”

मग त्यानं भाता बंद केला, पेटीवर चादर घातली आणि बांधायला काहीतरी हवं म्हणून खिसा चाचपला. खिशातून ती सुतळी निघाली, एका टोकाला गाठ असलेली. त्यानं ती पेटीभोवती गुंडाळली. सुतळी बरीच उरली. त्यानं ती कापली नाही. आणखी वेढे दिले, टोकाच्या गाठीपर्यंत, आणि तिथंच टोक खोचून दिलं.